एका कप्पीचा प्रश्न

परीक्षा मंडळाच्या लिफाफ्यात एकच कागद होता. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला, पायांत चपला, किल्ली अजून दाराला लटकलेली. वाचून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा लिफाफ्यात घातला, लिफाफा टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. हात धुवायचे नव्हते, पाणी भरायचं नव्हतं. नळ सोडला खरा, पण कशाला ते त्यांना आठवेना. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना कुणी चूक म्हटलं नव्हतं असं नाही. फळ्यावर कधी शून्य राहून गेलं, कधी अधिकच्या जागी उणे झालं, की पहिल्या बाकावरून चारपाच हात वर येत आणि बाई खडू पुढे करून म्हणत, या, तुम्हीच करा दुरुस्त. त्यात एक मजा होती. पण मुलं आकड्याला चूक म्हणत. या कागदानं बाईंनाच चूक म्हटलं होतं, आणि तेही हळू आवाजात. त्यांनी नळ बंद केला आणि परत येऊन कागद बाहेर काढला.

निवृत्तीनंतर सहा वर्षं बाई या मंडळासाठी प्रश्न काढत होत्या. पंपघरांत तंत्रज्ञ भरायचे असत आणि त्यासाठी यांत्रिक अभियोग्यतेची एक परीक्षा होई. शंभर प्रश्न, त्यांतले चाळीस बाईंचे. तरफ, कप्पी, उतरण, दातेरी चाकं, पट्टे, स्प्रिंगा. कुठलं चाक कुठल्या बाजूला फिरेल, कुठल्या टोकाला कमी जोर लागेल, दोन टाक्यांपैकी आधी कुठली भरेल. शाळेत मुलांनी त्यांचं नाव तरफबाई ठेवलं होतं. ते नाव त्यांना पाठीमागून ऐकू यायचं आणि आवडायचंही, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही. सदतिसावा प्रश्न तर त्यांच्या दृष्टीनं दयेचा होता, घाबरलेल्या उमेदवाराच्या पदरात एक गुण सहज पडावा म्हणून घातलेला. छताला एक कप्पी पक्की बसवलेली. तिच्यावरून दोर. दोराच्या एका टोकाला फळी, फळीवर माणूस. माणूस आणि फळी मिळून वजन साठ किलो. माणूस वर उचलून धरायला दोराच्या दुसऱ्या टोकाला किती किलोइतका जोर लावावा लागेल? एकशे वीस, साठ, तीस, पंधरा. स्थिर कप्पी नुसती दिशा बदलते, जोर वाचवत नाही. हे वाक्य बाईंनी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं होतं की मनगटाला ते पाठ झालं होतं. उत्तर साठ.

कागदावर अक्षर मोठं होतं, प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरलेली. नाव आणि क्रमांक मंडळानं काळ्या शाईनं झाकले होते. ‘प्रश्न ३७ चं उत्तर तुम्ही साठ दिलंय. ते चूक आहे. मी अकरा वर्षं इमारतींना बाहेरून रंग देतो. माझा जोडीदार खालून दोर ओढतो तेव्हा त्याला माझं सगळं वजन ओढावं लागतं. पण मी फळीवर बसून माझा मीच ओढतो तेव्हा निम्मंच लागतं. चित्रात दोर माझ्याच हातात आहे. खरं वाटत नसेल तर बसून बघा.’

माझ्याच हातात. चित्रातला माणूस म्हणजे एक गोल, एक रेघ आणि चार काटक्या. तरी या गड्यानं स्वतःला त्यात ओळखलं होतं. बाईंनी प्रश्नपत्रिका काढली. दोर कप्पीवरून खाली येऊन खरंच फळीवरच्या काटकीच्या हातात गेला होता. आणि मग हिशोब करायला कागदपेन्सिलही लागली नाही. माणसाला दोराचे दोन पदर पेलत होते, एक फळीला बांधलेला, एक त्याच्या मुठीतला. दोन पदर, साठ किलो, प्रत्येकाला तीस. नववीतल्या मुलाला कळावं इतकं सरळ. बाई खुर्चीत बसल्या. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरचं पान दोन महिने मागे राहिलेलं होतं.

सगळ्यात वाईट हे नव्हतं. सगळ्यात वाईट हे की मूळ चित्रात दोन माणसं होती. बाईंनी स्वतः काढलेल्या कच्च्या आकृतीत एक जण फळीवर होता आणि एक खाली जमिनीवर, दोर ओढत. छापखान्यातल्या आकृतीवाल्यानं जागा पुरेना म्हणून खालचा माणूस उडवला आणि दोर वरच्याच्या हातात दिला. तपासणीचा कागद बाईंकडे आला होता. त्यांनी ते पाहिलं होतं. न पाहता सही केली असती तर निदान आळशीपणा तरी म्हणता आला असता. पण त्यांना लख्ख आठवत होतं, पेन उघडताना मनात आलेलं वाक्य: दुसरा माणूस असला काय, नसला काय, साठ ते साठ. आणि त्यांनी सही ठोकली होती.

तेव्हा आईला जाऊन दीड महिना झाला होता. चार वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि चार वर्षं बाईंनी एकटीनं तिला उठवली, बसवली, कुशीवर वळवली. भाऊ लांबच्या शहरात. दर रविवारी फोन. ‘ताई, मी येऊ का पंधरा दिवस?’ असं तो विचारी, आणि बाई म्हणत, ‘कशाला? माझं बसलंय सगळं. तू आलास की तुझंही करावं लागेल.’ तो हसे. त्याला सुटल्यासारखं वाटे की टाळल्यासारखं, हे बाईंनी कधी विचारलं नाही. ओळखीपाळखीच्या बायका म्हणत, धन्य तुमची. बाईंना ते खोटं वाटत नसे. एकटीनं ओढायचं ते सगळंच्या सगळं ओढायचं, त्यात कुणाचा जोर मिळणार नाही, हे त्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की भौतिकशास्त्रातही ते तसंच उतरलं.

मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी त्याच दुपारी फोन केला. अध्यक्ष एके काळी मोठ्या कारखान्यात अभियंता होते आणि प्रत्येक वाक्य उरकल्यासारखं बोलत.

‘बाई, अकरा हजारांत एक आक्षेप. फेटाळू. स्थिर कप्पी आहे, नियम आहे.’

‘नियमाप्रमाणेच तो बरोबर आहे.’

‘मग प्रश्नच रद्द करू. सगळ्यांना एकेक गुण वाटून टाकू. कुणाचं काही बिघडत नाही.’

‘प्रश्न बरोबर आहे. उत्तर चुकलंय.’

‘परवा बैठक आहे. तोवर विचार करा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आणि हे बघा, मूळ आकृतीत दोन माणसं होती ना? मग चूक आकृतीवाल्याची. तुमच्या अंगाला काही लागत नाही.’

विचार करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई विचारच करत होत्या. चहा दोनदा केला आणि दोनदा गार केला. कागदावरचं शेवटचं वाक्य त्यांना टोचत होतं: बसून बघा. त्यांनी हजारो मुलांना कप्पी शिकवली होती. प्रयोगशाळेत शंभर ग्रॅमची वजनं लावून, सूत लावून, बोटानं ओढून. स्वतःचं वजन त्यांनी कधी दोराला दिलं नव्हतं. शेवटी त्या बाहेर पडल्या. दोन चौक ओलांडून पलीकडे एका सहा मजली इमारतीला रंग चालला होता, ते त्यांनी बाजारात जातायेता पाहिलं होतं. हा रंगारी तो असण्याचं काही कारण नव्हतं. शहरात शंभर रंगारी असतील. तरी चालताना त्यांना वाटत होतं की आपण माफी मागायला चाललो आहोत.

रंगारी नुकताच फळीवरून खाली उतरला होता आणि पायरीवर बसून हाताचा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होता. त्याचा जोडीदार डबे ढवळत होता. बाईंनी काय हवंय ते सांगितलं. रंगाऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पांढरे केस, चष्मा, खांद्याला पिशवी.

‘वर काय बघायचंय?’

‘वर नाही जायचं. हातभर उचललं तरी पुरे.’

‘कशाला पण?’

‘शिकवत होते मी हे.’

‘शिकवत होतात आणि बसला नव्हतात?’ जोडीदार म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. रंगारी हसला नाही. त्यानं फळीवरचा रंगाचा चिखल फडक्यानं पुसला, कमरेचा पट्टा बाईंना बांधला, तो ओढून पाहिला. ‘पडलात तर माझं कामच जाईल हां बाई. सांगेन तेवढंच करायचं.’ आणि जोडीदाराला म्हणाला, ‘आधी तू ओढ.’

फळी मांडीखाली कापत होती. जोडीदारानं दोर धरला, पाय रोवले आणि ओढलं. बाई झटक्यानं वर गेल्या, जमिनीपासून वीतभर, मग हातभर. जोडीदाराचा चेहरा लाल झाला होता. ‘बाई, दिसता तेवढ्या हलक्या नाही हां तुम्ही!’ तो दातांतून बोलला आणि त्यानं त्यांना अलगद खाली सोडलं.

मग रंगाऱ्यानं तेच टोक बाईंच्या हातात दिलं. ‘आता तुम्ही. खांद्यातून ओढा, बोटांनी नको.’

बाईंनी ओढलं. काही झालं नाही. परत ओढलं. तळवे भाजल्यासारखे झाले, वर कुठेतरी कप्पी कुरकुरली, आणि पायांखालची जमीन सुटली. झटका बसलाच नाही. कुणी उचललं असंही वाटलं नाही. जणू जमीनच विचार बदलून किंचित मागे सरली. आणखी एक ओढ. आणखी एक. दम लागत होता, पण अशक्य असं काही नव्हतं. भाजीच्या भरल्या पिशव्या जिन्यावरून नेताना लागतो तेवढाच जोर. निम्म्याहून थोडा जास्त, कप्पीचं घर्षण धरून, असं डोक्यातली तरफबाई सवयीनं म्हणाली. खाली दोराची वेटोळी पडत होती. हातभर वर गेल्या होत्या आणि दोन हात दोर ओढून झाला होता. अर्थातच. जोर निम्मा, तर दोर दुप्पट. निसर्ग फुकट काही देत नाही, हे वाक्यही त्या मुलांना सांगत. तिथे भिंतीच्या ओल्या अस्तराचा वास होता, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्या वासात अधांतरी लटकलेल्या असताना बाईंना आईच्या पलंगाचा दोर आठवला.

तो दोर दवाखान्यातल्या परिचारिकेनं बांधून दिला होता, पहिल्याच महिन्यात. पलंगाच्या पायथ्याला जाड सुती दोर, त्याला तीन गाठी. ‘आजींना धरून धरून उठू द्या,’ ती म्हणाली होती. आणि आई उठायची. पहिली गाठ, दम. दुसरी गाठ, दम. तिसऱ्या गाठीशी आली की बसलेली असायची, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखं काहीतरी. पण त्याला वेळ लागायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. तोवर पाणी गार व्हायचं, गोळीची वेळ टळायची, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या बाईंच्या जिवाची तगमग व्हायची. ‘अगं मी उठते ना, तू नुसती थांब,’ आई म्हणायची. एका सकाळी बाईंनी काखेत हात घालून तिला एका दमात बसवली. ‘राहू दे तो दोर. मी आहे ना!’ त्या म्हणाल्या, प्रेमानंच म्हणाल्या. दुपारी त्यांनी दोर सोडून कपड्यांच्या गाठोड्याला बांधला. त्यानंतर आईनं कधी हात पुढे केला नाही, कशालाच नाही. भरवायचं, वळवायचं, उचलायचं. आणि बाईंना त्या चार वर्षांत एक कोडं कधी सुटलं नव्हतं, की आई दिवसेंदिवस हडकत चालली होती आणि दिवसेंदिवस जड होत होती. डॉक्टरांना त्यांनी विचारलंही होतं एकदा. डॉक्टर म्हणाले, तुमचं वय होतंय बाई.

‘उतरवू का?’ खालून रंगाऱ्यानं विचारलं. ‘हात सुटतील.’

‘थांबा जरा,’ बाई म्हणाल्या. त्यांना भिंतीकडे तोंड करून आणखी थोडा वेळ राहायचं होतं. खालून रंगाऱ्यानं दोराचं मोकळं टोक धरून ठेवलं तेवढं त्यांना जाणवलं.

बैठकीत त्यांनी उत्तर बदलल्याचा कागद लिहून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आकृती मी पाहिली होती, सही माझी आहे, चूक माझी आहे. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. ‘एवढं कशाला लिहायचं? मी वाट दाखवली होती तुम्हाला.’ मग जरा मवाळ होऊन म्हणाले, ‘आणि गंमत सांगू? तो आक्षेपवाला रंगारी. त्याचं हे गणित धरलं तरी तो यादीत बसत नाही. सात गुणांनी मागे आहे. आणि त्याला ते माहीत होतं, गुणपत्रक सगळ्यांना आधीच गेलंय.’

‘मग त्यानं लिहिलं कशाला?’

‘तेच तर म्हणतोय मी.’

शेवटी सही करताना अध्यक्षांनी आकडे वाचून दाखवले. ज्यांनी तीस लिहिलं त्यांना गुण मिळणार, ज्यांनी साठ लिहिलं त्यांचा जाणार. काठावरचे चार जण यादीत वर येणार, चार बाहेर पडणार. जागा तेवढ्याच. ‘पुढच्या वर्षी प्रश्न दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. तुम्हालाही विश्रांती हवी,’ ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. हे त्यांना अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हते ते बाहेर पडणारे चार. सगळा वेळ बाई त्या एकाचाच विचार करत होत्या, ज्याच्यावर अन्याय झाला असं वाटत होतं. आणि ज्यांनी बाईंसारखंच उत्तर लिहिलं, नियमावर विश्वास ठेवून, निर्धास्तपणे, त्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

सुधारित यादी लागली त्या दिवशी बाई मंडळाच्या इमारतीत गेल्या. जायचं काही कारण नव्हतं. तळमजल्याच्या व्हरांड्यात फलक होता, आणि फलकासमोर एकच स्त्री उभी होती, तिशी ओलांडलेली, अंगात निळा कामाचा डगला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांची कातडी पाण्यात राहून राहून सुरकुतलेली. यादीवर बोट ठेवून ती वरून खाली येई, आणि पुन्हा वर जाई. तिसऱ्यांदा ती तळाशी आली तेव्हा बाई जवळ गेल्या.

‘मी बघू का? कधी कधी नजर चुकते.’

तिनं क्रमांक सांगितला. बाईंनी शोधला. तो क्रमांक जिथे यायला हवा तिथे त्याच्या आधीचा होता आणि नंतरचा होता.

‘नाही,’ बाई म्हणाल्या.

‘गेल्या यादीत होता. शेवटून दुसरा.’ तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती नोंद होती. ‘दवाखान्याच्या धुलाईखात्यात आहे मी. मोठं मशीन चालवते. तिथे सांगून पण झालं, की जातेय म्हणून.’

इथे गप्प राहता आलं असतं. प्रश्न काढणाऱ्यानं आपण कोण ते सांगायचं नाही, असा नियमच होता. ‘सदतिसावा प्रश्न,’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही साठ लिहिलं असणार.’

तिनं वळून पाहिलं.

‘तो मी काढला होता. उत्तरही मीच चुकीचं दिलं होतं. नंतर मीच बदललं.’

आता ती बोलेल, असं बाईंना वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती फलकाशेजारच्या बाकावर बसली आणि म्हणाली, ‘मग किती आहे उत्तर?’

‘तीस.’

‘कसं? एकच तर कप्पी आहे.’

बाई तिच्या शेजारी बसल्या. पिशवीतून किराण्याची यादी निघाली, तिच्या पाठीवर त्यांनी गोल, रेघ आणि चार काटक्या काढल्या. दोराचे दोन पदर दाखवले. तिला ते पहिल्या झटक्यात पटलं नाही. तिनं पेन्सिल काढून घेतली, खाली जमिनीवर दुसरा माणूस काढला, दोर त्याच्या हातात दिला, मग तो माणूस खोडला. बराच वेळ ती त्या दोन चित्रांकडे बघत राहिली. ‘हां,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ‘म्हणजे माझं चुकलंच होतं.’

‘हो.’

‘मग ठीक आहे.’

‘ठीक कसं? माझ्यामुळे तुम्ही नोकरीवर सांगून...’ बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. ‘पुढच्या वर्षी बसा. मी शिकवीन. रोज या. मी एकटीच असते.’

‘पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी,’ ती म्हणाली. ‘ही शेवटचीच होती.’

व्हरांड्यातून एक शिपाई फायली घेऊन गेला. उठावं, की न उठावं. सांत्वनाची जेवढी वाक्यं त्यांना येत होती ती सगळी मुलांसाठीची होती. तेवढ्यात तिनं डगल्याच्या खिशात हात घातला आणि चार घड्या केलेली, ओल लागून फुगलेली प्रश्नपत्रिका काढली. मांडीवर ठेवून ती तळव्यानं सपाट केली. चाकांच्या, तरफांच्या चित्रांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, कुठे बरोबर, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह.

‘यातले अजून सहासात मला कळले नाहीत,’ ती म्हणाली. ‘वेळ आहे ना तुम्हाला?’

‘आता कशाला?’ बाईंच्या तोंडून निघून गेलं.

‘कळायला.’ ती बोलली, जणू दुसरं काय कारण असणार. ‘हा बघा, पट्ट्याचा. दोन चाकं, पट्टा मधे पिळलेला. डावं चाक असं फिरलं तर उजवं कसं फिरेल. आमच्या मशीनचा पट्टा सरळ असतो, म्हणून मी तसंच लिहिलं.’

बाईंनी पेन्सिल उचलली. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, एकतीस वर्षं होतं तसंच.

‘थांबा,’ ती म्हणाली आणि कागद स्वतःकडे ओढला. ‘सांगू नका.’

तिनं एक बोट डाव्या चाकावर ठेवलं, दुसरं पट्ट्यावर, आणि ते बोट पट्ट्यावरून हळूहळू सरकवत नेलं, पिळापर्यंत. तिथे ते थांबलं. बाई पेन्सिल हातात धरून थांबून राहिल्या.